यादीतला मधुचंद्र

लग्नाची बोलणी संपली की याद्या होतात. दख्खनेतून माळव्यात आलेल्या आमच्या पूर्वजांनी ही पद्धत सामानासोबत आणली आणि पुढच्या पिढ्यांनी ती निष्ठेने सांभाळली. मानाच्या साड्या किती, विहिणीची पंगत कोठे, जावयाला अंगठी की साखळी, हे सारे कागदावर उतरते आणि खाली दोन्ही व्याह्यांच्या सह्या होतात. या जुन्या कागदाला गेल्या काही वर्षांत एक नवे कलम चिकटले आहे. ते बहुधा लिहिले जात नाही. सह्या होऊन पेढे वाटले जात असताना, सहज सुचल्यासारखे दाखवून, विचारले जाते : ‘मग मुलांना बाहेर कोठे पाठवणार आहात?’ ‘बाहेर’ म्हणजे देशाबाहेर. आणि ‘पाठवणार’ या क्रियापदाचा कर्ता वधूपिता.

या न लिहिलेल्या कलमाविषयी आम्हांला स्पष्ट बोलायचे आहे. परदेशातील मधुचंद्र वाईट, असे आमचे म्हणणे नाही. वधूपित्याच्या पैशाने घडवून आणलेला मधुचंद्र वाईट, असे आमचे म्हणणे आहे. त्यात पैसा जातो म्हणून आम्ही हे म्हणत नाही. पैसा मांडवातही जातो आणि मांडव चौथ्या दिवशी उतरतो. आमचा आक्षेप निराळा आहे. दुसऱ्याने मोल मोजलेल्या सहलीत नवदांपत्याला सुखी दिसण्याखेरीज पर्याय उरत नाही, आणि सहलीचा जो खरा उपयोग, म्हणजे एकमेकांना उन्हात-पावसात, रागात-लोभात ओळखणे, तोच नेमका हातचा जातो.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘मधुचंद्र’ हा शब्द दिसायला इतका संस्कृत आहे की तो कालिदासाच्या पदरचा वाटावा; परंतु तो इंग्रजी शब्दाचा सरळ मराठी अनुवाद आहे. मूळ इंग्रजी शब्दही जन्मतः एवढा गोड नव्हता. रिचर्ड ह्युलोएट याने १५५२ साली छापलेल्या कोशात त्याचा जो अर्थ दिला आहे, त्याचा आशय असा की, नवी जोडपी आरंभी एकमेकांवर अतोनात प्रेम करतात आणि ते ओसरू लागण्याची चिन्हे दिसेपर्यंतच्या काळाला सामान्य लोक हे नाव देतात. म्हणजे त्यातला चंद्र कलेकलेने उतरणारा होता. हा शब्द टोमणा होता. पुढे १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनच्या कोशात टोमणा गळाला आणि लग्नानंतरचा केवळ जिव्हाळ्याचा व सुखाचा पहिला महिना एवढाच अर्थ उरला. आपण जेव्हा हा शब्द घेतला तेव्हा नुसता मध घेतला. चंद्राला क्षय असतो हे घ्यायचे राहून गेले.

प्रवासाची जोडही त्याला मागाहून मिळाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील सुखवस्तू नवदांपत्ये लग्नानंतर फिरायला निघत, ती पुष्कळदा लग्नाला येऊ न शकलेल्या नातेवाइकांना भेटण्यासाठी. आणि कित्येकदा सोबत घरचे कोणी असेच. हे वाचून आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही लग्नानंतर प्रवास होताच. जेजुरीचा खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत. त्यांच्यामागून माळव्यात स्थिरावलेल्या घरांपैकी कोणाचे दैवत जेजुरी, कोणाचे तुळजापूर, कोणाचे कोल्हापूर. सत्यनारायण झाला की जोडपे कुलदैवताला निघे. जेजुरीला नवऱ्याने बायकोला उचलून घेऊन काही पायऱ्या चढण्याची रीत आहे. त्यात नवऱ्याला धाप लागते, बायको लाजून चूर होते, बरोबरची मंडळी हसतात. सुख आणि फजिती दोन्ही चारचौघांत, एकाच पायरीवर.

मात्र त्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या यात्रेत सासू असे, आत्या असे, एखादी मावशीही असे. नवऱ्याशी दहा वाक्ये सलग बोलण्याची संधी नववधूला गडावरही नव्हती आणि घरीही नव्हती. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना त्या घरांतील दाटी सांगायला नको. नव्या जोडप्याला एकांत हवा असतो, आणि तो सासर व माहेर या दोहोंपासून दूरच मिळतो, हे आम्ही पूर्णपणे मानतो. त्याचा पुरावा इंग्रजांकडे शोधण्याचे कारण नाही. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याच्या घरात आलेल्या रमाबाईंना शिकते म्हणून घरातील बायकांची किती बोलणी खावी लागली, हे त्यांनी त्यात लिहून ठेवले आहे. १८७८ साली न्यायमूर्तींची नाशिकला बदली झाली, त्या घरापासून अंतर पडले आणि त्यांच्या शिक्षणाला व सहजीवनाला मोकळा श्वास मिळाला. सरकारी बदलीने त्या काळी जे केले, ते आज विमानाच्या तिकिटाने होत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

आणि होतेही. परदेशातल्या त्या चार-पाच दिवसांत खरोखर काही घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. माळव्याच्या माणसाला मुळात समुद्र हाच परदेश. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो आपल्या माणसाचा हात हातात असताना, ही आठवण लहान नव्हे. ज्या गावात आपण कोणाची सून आहोत हे एकालाही ठाऊक नाही, अशा गावातून चालण्याचा मोकळेपणा नवविवाहितेला इंदुरात मिळणे नाही. पलासियाच्या चौकापासून छप्पन दुकानांपर्यंत जाईतो तिला चार ओळखीचे भेटतात आणि त्यांतले दोघे तरी सासूबाईंची खुशाली विचारतात. परक्या शहरात नकाशा आपल्यापेक्षा बायकोलाच अधिक कळतो, हे नवऱ्याला उमगते. नवरा अनोळखी माणसाशी किती अदबीने बोलतो, हे बायकोच्या ध्यानात येते. ही सारी मिळकत आहे.

परंतु याच दिवसांची दुसरी बाजूही आहे आणि ती कोणी सांगत नाही. इंदूरहून थेट परदेशी जाणारे पहिले विमान २०१९ सालच्या जुलैत दुबईला उडाले. आग्नेय आशिया किंवा युरोप गाठायचा तर मुंबई-दिल्लीचा फेरा आजही बहुतेकांच्या नशिबी आहे. लग्नाच्या चार जागरणांनंतर मुलगी या प्रवासाला निघते. धार्मिक कार्यात अडचण नको म्हणून गोळ्या घेऊन तिने शरीराच्या तारखा पुढे ढकललेल्या असतात आणि त्याचा हिशेब शरीर नेमका तेथे चुकता करते. हौसेने तिकीट काढले जाते सासरच्या आडनावाने आणि पारपत्रावर असते माहेरचे; ही दोन नावे जुळली नाहीत की विमानतळावर संसाराचा श्रीगणेशा वादाने होतो. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर लग्न लागते. मे महिन्यात मालदीव आणि फुकेत येथे नैर्ऋत्य मोसमी पावसाचे दिवस सुरू झालेले असतात, आणि सहली तेव्हा स्वस्त होतात त्या याचमुळे. मालदीवची समुद्री विमाने दिवसाउजेडीच उडतात. माले येथे पोहोचायला उशीर झाला की पहिली रात्र स्वप्नातल्या बेटाऐवजी विमानतळाजवळच्या खोलीत जाते. स्वित्झर्लंडात युंगफ्राउयोख हे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. तेथे बर्फ दिसते आणि अनेकांचे डोकेही धरते. या सर्वांहून मोठी गोष्ट अशी की, साखरपुड्यापासून मोजून काही वेळा भेटलेली दोन माणसे प्रथमच एका खोलीत चार दिवस असतात. एकाला पहाटे उठून दिवे लावण्याची सवय, दुसरीला चहापूर्वी बोललेले खपत नाही. पहिले भांडण बहुधा पैशावरून होते, आणि तेही हॉटेलच्या अगदी लहानशा बिलावरून.

यात वाईट काय आहे? आमच्या मते काहीही नाही. हेच तर कमवायला जायचे असते. मराठी साहित्यात दांपत्यजीवनाचे सर्वांत जिवंत चित्र कोणते, असे विचारले तर आपल्यातील पुष्कळ जण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे नाव घेतील. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात काय आहे? टिळकांचा संताप आहे, न सांगता घर सोडून निघून जाणे आहे, हाती आलेले पैसे वाटून मोकळे होणे आहे आणि १८९५ सालच्या धर्मांतरानंतरची दीर्घ ताटातूट आहे. त्या उताराच्या दिवसांवाचून ते सहजीवन आपल्याला कळलेच नसते. लक्ष्मीबाई ते सांगू शकल्या, कारण सुख दाखवण्याचे कोणाचे देणे त्यांच्या शिरावर नव्हते.

आजच्या मुलीच्या शिरावर ते असते. वडिलांनी मुदतठेव मोडलेली असते. पलासियाच्या फ्लॅटमध्ये बसून ते भ्रमणध्वनीवर छायाचित्रांची वाट पाहत असतात; आल्याबरोबर ती आपल्या बहिणीला पाठवतात आणि समाधानाने झोपी जातात. इकडे सासूबाईही तीच छायाचित्रे पाहतात आणि मुलीने कपडे कोणते घातले आहेत ते टिपतात. तापाने फणफणलेली मुलगी हातातला हिरवा चुडा दिसेल अशा बेताने समुद्राकडे पाठ करून उभी राहते आणि हसते. ही थट्टेची गोष्ट नव्हे. ज्या सहलीसाठी बापाने ठेव मोडली, त्या सहलीच्या तिसऱ्या दिवशी ‘मला येथे करमत नाही’ असे ती आईला कोणत्या तोंडाने सांगेल? आणि प्रश्न केवळ करमण्याचा नसेल तर? नवऱ्याचे पिणे, त्याचा तुसडेपणा, क्वचित त्याचा उगारलेला हात प्रथम दिसतो तो अशा परक्या खोलीतच. तेव्हा तिला आधार हवा असतो तो माहेराचा. आणि माहेराने तर तिच्या सुखाचे पैसे आगाऊ भरून ठेवलेले असतात. आम्ही या कलमाविरुद्ध लेखणी उचलली ती मुख्यत्वे या एका शक्यतेसाठी.

मुलाचेही यात भले होत नाही. अठ्ठावीस-तीस वर्षांचा कमावता तरुण आपल्या संसारातला पहिला मोठा खर्च सासऱ्याच्या खिशातून करतो. ‘एवढे आपल्याला परवडत नाही, आपण जवळ कोठे जाऊ’ हे वाक्य नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला म्हणणे, हा संसाराचा पहिला धडा. तो या भेटीने फाडून टाकला जातो.

हिशेबाच्या भाषेतही ही भेट टिकत नाही. बाप मुलीला पाटल्या देतो, त्या तिच्या राहतात. ते तिचे स्त्रीधन असते. संसार मोडला तरी त्यावर तिचा हक्क उरतो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा. लग्नात स्वेच्छेने मिळालेल्या भेटींची यादी ठेवण्याचे नियम १९८५ सालचे. म्हणजे याद्या करण्याची आमची जुनी सवय कायद्यालाही मान्य झाली. पण त्या यादीत सहल कशी लिहिणार? ती चार रात्रींत संपते; तिचा निम्मा उपभोग जावई घेतो आणि लौकिक व्याही घेतात. मुलीच्या हाती उरतो विमानात बसण्याचा कागदी तुकडा. जिच्या नावाने दिले, तिच्याकडेच काही राहत नाही, अशी ही एकमेव भेट असावी. हुंडा मागणाऱ्याला निदान लाज तरी वाटत असे. ‘मुलांना कोठे पाठवणार?’ असे विचारणाऱ्याला तर आपण मुलांचे कौतुक करीत आहोत असेच वाटते.

आता आक्षेप. ‘आम्ही मागत नाही, ते हौसेने देतात’, असे वरपक्ष सांगतो. हौसेला शेजाऱ्याची फूटपट्टी असते. थोरल्या जावयाला सिंगापूर दाखवले की धाकट्याला त्याहून जवळचे दाखवता येत नाही, आणि दोन मुलींचा बाप या पट्टीने दोनदा मोजला जातो. जी हौस नाकारता येत नाही तिला आपल्या भाषेत मानपान म्हणतात, आणि मानपानात किती मने मोडली याची साक्ष आमच्या प्रत्येक घरात मिळेल.

‘मुलगीच मागते’, असे वधूपिता सांगतो. मागत असेल. १९८९ सालच्या ‘चांदनी’पासून हिंदी चित्रपटांनी स्वित्झर्लंड आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणून सोडले, त्या कर्तृत्वाबद्दल इंटरलाकेन येथे २०१६ साली यश चोप्रांचा पुतळाही उभा राहिला. अशा हवेत वाढलेल्या मुलीने बर्फ मागितले तर नवल नाही. परंतु आमच्या आजच्या मुली पुण्या-बंगळुरात नोकऱ्या करतात, स्वतःचे भाडे स्वतः भरतात. ज्या मुलीने स्वतःच्या पगारातून घर चालवले, तिला स्वतःचा मधुचंद्र बापाकडून का घ्यावासा वाटतो, हा प्रश्न तिला विचारण्याचे धाडस कोणी तरी केले पाहिजे.

‘नंतर रजा मिळत नाही’, असे तिसरे कारण सांगितले जाते. लग्नानंतर लगेच न गेल्यास कोणता मुहूर्त टळतो? सहा-आठ महिने दोघांनी मिळून पैसे साठवावेत, पहिल्या दिवाळीनंतर किंवा लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला जावे. तोवर जागरणे उतरलेली असतात, पारपत्राची कागदपत्रे नीट झालेली असतात, आणि एकमेकांना एवढे तरी ओळखलेले असते की सहलीत भांडण झाले तर त्याची भीती वाटू नये.

चौथा युक्तिवाद खास इंदुरी आहे आणि तो पलासियाच्या दिवाणखान्यांत मोठ्या अभिमानाने केला जातो. ‘आम्हां इंदूरकरांना परदेश नवा नाही. आमच्या महाराजांची छायाचित्रे पॅरिसने भिंतीवर लावली.’ खरे आहे. यशवंतराव होळकर आणि कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांचा विवाह १९२४ साली झाला. तेव्हा दोघेही वयाने कोवळी होती. १९३० च्या सुमारास मॅन रे या विख्यात कलावंताने युरोपात टिपलेली या जोडप्याची हसरी, दरबारी थाट उतरवून ठेवलेली छायाचित्रे जगप्रसिद्ध आहेत. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी माणिकबाग उभारून घेतली ती त्याच वर्षांत. २०१९ साली पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात त्या वैभवाचे प्रदर्शन भरले. पण याच कथेची दुसरी पाने आपण उलटत नाही. १९३७ साली संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. माणिकबागेतील निवडक सामान १९८० साली मोनाको येथे लिलावात गेले. त्या छायाचित्रांतले हसू खोटे होते, असे आम्ही म्हणत नाही. ते खरेच असावे. परंतु कॅमेऱ्याने हसू ठेवले आणि बाकीचे सोडून दिले. त्या दोघांमध्ये रागाचे, आजाराचे, एकटेपणाचे दिवस कसे गेले, ते त्या चौकटीत मावले नाही. ज्या चित्रांचा आपण आदर्श सांगतो, ती संस्थानच्या उत्पन्नावर वाढलेल्या राजाची आहेत. मुदतठेव मोडणाऱ्या बापाची नव्हेत. राजाचे अनुकरण करताना ते कोणाच्या खर्चाने करीत आहोत, एवढे तरी पाहावे.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. याद्या करताना हा प्रश्न विचारू नये. कोणी विचारलाच तर वधूपित्याने ‘ते मुलांचे मुले पाहतील’ एवढेच उत्तर द्यावे आणि त्या उत्तरामागे मुलीने व जावयाने उभे राहावे. बापाला द्यायचेच असेल तर त्याने ती रक्कम मुलीच्या एकटीच्या नावाने ठेवावी; त्या ठेवीला सुखी दिसण्याची अट नसते. मुले स्वतःच्या पैशाने पचमढीला जावोत की बालीला, दोन्ही घरांनी ते चार दिवस दूरध्वनी करू नये आणि छायाचित्रे मागू नयेत. मात्र मुलीचा फोन आला तर तो पहिल्या घंटेला उचलावा.

आणि ती दोघे परत आली की ‘कसे होते?’ असे विचारून उत्तराची वाट न पाहता ‘छानच असणार’ म्हणून मोकळे होऊ नये. क्षणभर थांबावे. दोघांपैकी कोणी म्हणाले, ‘दोन दिवस फार वाईट गेले’, तर कपाळाला आठी न घालता ऐकून घ्यावे. ज्या घरात हे वाक्य निर्भयपणे बोलता येते, तेथे सून नांदते आणि मुलीला माहेर उरते. ज्या घरात ते बोलता येत नाही, तेथे स्वित्झर्लंडच्या बर्फाची शंभर छायाचित्रे भिंतीवर लावली तरी त्यांतून कोणालाच काही कळत नाही.